विकीव्हेट: पशुवैद्यकांचा ऑनलाइन अभ्यासगट कसा चालतो?

डोकेदुखीसाठी आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतू शकते. हे औषध निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फारच कमी असते. आयव्हरमेक्टिनचा इतर कुत्र्यांना चालणारा मोठा डोस अनेक कोली कुत्र्यांना घातक ठरतो, कारण जनुकीय दोषामुळे ते औषध त्यांच्या मेंदूत साठते. थोडक्यात, पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला एकाच औषधाचा हिशेब प्रत्येक प्राण्यासाठी वेगळा शिकावा लागतो. मग ही माहिती ऑनलाइन मिळून लिहायची, तर ती बरोबर असल्याची खात्री कोण देणार?

विकीव्हेट म्हणजे काय?

विकीव्हेट हा पशुवैद्यकशास्त्राचा ऑनलाइन ज्ञानकोश आहे. लंडनचे रॉयल व्हेटरनरी कॉलेज, केंब्रिज आणि एडिनबरा येथील पशुवैद्यक शिक्षण संस्थांनी मिळून तो 2000 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केला. विकिपीडिया ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर चालतो, तेच इथेही वापरले गेले. त्यामागचा विचार साधा होता. कुत्र्याची शरीररचना कॉलेजनुसार बदलत नाही, मग प्रत्येक कॉलेजने त्याच नोट्स वेगळ्या का तयार करायच्या?

विकिपीडियापेक्षा वेगळे काय?

विकिपीडियावर कोणीही बदल करू शकतो. इथे लिहिण्याचा हक्क पशुवैद्यक, या शाखेचे विद्यार्थी आणि पशुवैद्यकीय परिचारिका अशा नोंदणीकृत सदस्यांनाच आहे. विद्यार्थ्यांनीही मजकूर लिहिला आणि विषयातील तज्ज्ञांनी तो तपासला. यात विद्यार्थ्याचा दुहेरी फायदा होतो. दुसऱ्याला समजेल असे लिहिताना आपल्याला नेमके काय कळलेले नाही, हे उघड होते. आणि चूक परीक्षेत किंवा रुग्ण प्राण्यावर होण्याआधीच दुरुस्त होते.

नुसते वाचणाऱ्यांचे काय?

कोणत्याही ऑनलाइन गटात लिहिणारे थोडे आणि वाचणारे पुष्कळ असतात. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी 1991 मध्ये मांडलेल्या विचारानुसार, नवखा माणूस आधी कडेला राहून निरीक्षण करतो, छोटी कामे करतो आणि हळूहळू जाणकारांत सामील होतो. त्यामुळे गप्प सदस्य म्हणजे निरुपयोगी सदस्य नव्हे. मात्र त्याला सोपे पहिले पाऊल मिळायला हवे. एखादी प्रश्नमंजूषा सोडवणे किंवा एक वाक्य सुधारणे, एवढेही पुरते.

असा गट टिकतो कशावर?

सॉफ्टवेअर फुकट मिळते, तज्ज्ञांचा वेळ मिळत नाही. औषधे आणि नियम बदलत राहतात. गिधाडांच्या मृत्यूंमुळे भारताने 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. त्याआधीच्या नोट्स त्या दिवशीच जुन्या झाल्या. म्हणूनच पान लिहिणाऱ्याइतकाच ते पुन्हा तपासणारा माणूस महत्त्वाचा.

प्राणी पाळणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

व्हॉट्सॲपवर आलेला उपाय कोणी लिहिला, कोणी तपासला आणि कधी, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळाले तरी डोस मात्र आपल्या पशुवैद्यकालाच विचारून द्या.