शोकातून जुळलेले नाते

ज्ञातीचा इतिहास लिहिताना आपण कुलवृत्तान्त व देणग्या यांचीच नोंद करतो. ज्यांना ज्ञातीने दूर लोटले, त्यांना आसरा कोणी दिला, हेही एकदा पाहिले पाहिजे.

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत चौपाटीनजीक शारदा सदन उघडले. त्यांचे आईबाप व थोरली बहीण दुष्काळात गेली. १८८० मध्ये भाऊ व १८८२ मध्ये पतीही निवर्तले. उरली एकटी मनोरमा. अशा बाईच्या घरी परक्या विधवा राहू लागल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या देवरुखच्या गोदूबाई जोशी या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्यांचे बंधु नरहरपंत हे गिरगावात धोंडो केशव कर्वे यांच्या बिऱ्हाडी राहत. त्या बिऱ्हाडात गोदूबाई राधाबाई कर्वे यांना घरकामात हातभार लावीत. सदनात सोवळेओवळे पाळण्याची मुभा असे. १८९० मध्ये सदन पुण्यास गेले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्याचे कळताच १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले व अनेक पालकांनी मुली नेल्या. पालकांची भीती निराधार नव्हती. पण नेलेल्या मुलींचे पुढे काय व्हायचे, याचा विचार फार थोड्यांनी केला.

राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला व त्या आनंदीबाई झाल्या. मुरुडास सभा भरली, बहिष्काराचा ठराव झाला. सख्ख्या भावाने कर्व्यांना घरात घेतले, तर त्याच्यावरही बहिष्कार! ठराव करणारे कोणी दुष्ट नव्हते, तुमच्याआमच्यासारखेच सभासद होते. याच कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापिली. पुण्यात प्लेगची धास्ती; म्हणून १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. जागा रावबहादूर गोखले यांनी दिलेली. कॉलेज सुटल्यावर कर्वे पायी तेथे जात. रस्ता नाही, दिवा नाही, आणि निरनिराळ्या गावच्या विधवा एका छपराखाली. माहेर-सासर दोन्ही तुटलेल्यांना तेच माहेर.

आनंदीबाईंच्या विधवा भगिनी पार्वतीबाई आठवले या पुढे आश्रमात आल्या. त्यांनी दारोदार वर्गणी मागितली व १९१८ मध्ये अमेरिकेपर्यंत गेल्या. कर्व्यांनी १९१६ मध्ये काढलेल्या महिला विद्यापीठाचे एक आवार आज जुहूस आहे. अंधेरी-बोरिवलीच्या आपल्या लेकी तेथे शिकतात.