व्हिडिओ आणि आवाज जुळत नाही? आधी फरक मोजा, मग दुरुस्त करा

जुन्या व्हीएचएस कॅसेटवरचं लग्न कॉम्प्युटरवर घेतलं, किंवा मोबाइलवर शूट केलेलं भाषण एडिटरमध्ये टाकलं, की एक तक्रार हमखास येते: ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. बरेच जण मग आवाजाची पट्टी अंदाजाने मागेपुढे सरकवत बसतात. सुरुवात जुळते, पण शेवट बिघडतो. म्हणून मी आधी फरक मोजतो.

फरक कसा मोजायचा?

टाळी, नारळ फुटणं, दार आपटणं असे क्षण शोधा. एक सुरुवातीजवळ, एक मध्ये, एक शेवटाकडे. प्रत्येक ठिकाणी चित्रातली फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातलं टोक यांत किती फ्रेमचं अंतर आहे ते लिहून ठेवा. आपल्याकडच्या पाल कॅसेटमध्ये सेकंदाला २५ फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. आता तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

१. फरक सगळीकडे सारखा

हा सर्वात सोपा प्रकार. कॅप्चर करताना चित्र आणि आवाज वेगवेगळ्या वाटेने येतात आणि एकाला जास्त वेळ लागतो. एडिटरमध्ये ऑडिओ अनलिंक करा आणि तेवढ्याच फ्रेम सरकवा. झालं काम.

२. फरक हळूहळू वाढतो

कॅप्चर कार्ड आणि साउंड कार्ड आपापल्या घड्याळावर चालतात. त्यांच्यात दहा लाखात ५० इतका फरक असला, तरी तासाभरात १८० मिलिसेकंद होतात. २९.९७ फ्रेमचा व्हिडिओ एडिटरने ३० चा धरला, तर तासाला ३.६ सेकंद! इथे नुसतं सरकवून भागत नाही. पहिल्या आणि शेवटच्या खुणेमधला वेळ चित्रात व आवाजात वेगवेगळा मोजा. चित्रात ३००० सेकंद आणि आवाजात ३००३ आले, तर ऑडॅसिटीमध्ये आवाजाचा वेग ०.१ टक्क्याने वाढवा.

३. फरक मध्येच उडी मारतो

म्हणजे फ्रेम गळल्या आहेत. मावशीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मंगलाष्टकांपर्यंत सगळं जुळत होतं. टेप चुरगळलेल्या जागी १२ फ्रेम गळल्या आणि तिथून पुढे आवाज जवळपास अर्धा सेकंद मागे पडला. अशा वेळी पूर्ण आवाज ताणला, तर जुळलेला भागही बिघडतो. उडीच्या जागी आवाज कापा आणि पुढचा भाग सरकवा. उड्या फार असतील, तर बाकीचे प्रोग्राम बंद करून पुन्हा कॅप्चर केलेलं बरं.

मोबाइलचा व्हिडिओ असेल तर

बरेच फोन प्रकाशानुसार फ्रेम रेट कमी-जास्त करतात. काही एडिटर इथे गोंधळतात. आधी हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून नवी फाइल बनवा, मगच एडिटिंग सुरू करा.

आणि एक सांगतो, मूळ कॅप्चर फाइल डिलीट करू नका. सगळे प्रयोग कॉपीवर करा. आवाज पुन्हा जुळवता येतो, पण दमट हवेत बुरशी धरलेली कॅसेट पुढच्या वेळी चालेलच असं नाही.