खाडीच्या टोकाचा तुरुंग

सारसोळ्याच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहिले की समोर चिखल, तिवरांची रांग आणि कुशीवर कललेल्या होड्या दिसतात. पाठीमागे पामबीच रस्त्यावरून गाड्या सुसाट जात असतात. 1970मध्ये सिडको स्थापन झाली आणि नेरूळ, शिरवणे, सारसोळे ही गावे हळूहळू सेक्टरांच्या आकड्यांनी वेढली गेली. त्याआधी हा सगळा किनारा खाजणांचा, भाताचा, मासळीचा आणि मिठाचा. आगरी हे जातीचे नावच 'आगर' या शब्दावरून आले असे मानतात. मिठागर पिकवणारा तो आगरी.

हीच खाडी वर सरकत ठाण्याला जाते. तिच्या काठाला 1730च्या सुमारास पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला. 1737मध्ये तो मराठ्यांनी घेतला, 1774मध्ये इंग्रजांनी. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथेच कैदेत होता आणि सप्टेंबर 1816मध्ये इथूनच निसटला. खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाण्यातून निरोप देणाऱ्या मोतद्दाराची गोष्ट ठाण्यात अजून रंगवून सांगितली जाते. पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला आणि आजही तो तुरुंगच आहे. खाडीकाठच्या माणसाला सरकार म्हणजे काय ते दोन ठिकाणी कळायचे: मिठाच्या बांधावर आणि या भिंतींच्या आत.

मीठ करणे दिसायला सोपे. उधाणाचे पाणी बांधाच्या आत घ्यायचे, एका खाचरातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवायचे, तळाशी दाणा धरला की ओढून रास करायची. बांध घालणारे शिलोत्री आणि पिढ्यान्‌पिढ्या राबणारे आगरी यांच्यात ही मेहनत वाटली जाई. 1837मध्ये मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे आठ आणे कर बसला. पुढे तो चढत-उतरत राहिला. 1873चा आणि मग 1890चा मुंबई मीठ कायदा आला, छोटी आगरे बंद करून मोठ्या आगरांवर पहारे बसवण्यात आले. दारातल्या खाडीचे पाणी परवान्यावाचून आटवणे हा गुन्हा ठरला आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होती. या गुन्ह्यात कुणाचे डोके फुटत नव्हते, कुणाचे घर लुटले जात नव्हते. सरकारचा महसूल तेवढा बुडायचा.

सहा महिने म्हणजे जन्मठेप नव्हे, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण कायद्याच्या पुस्तकातला आकडा आणि माणसाच्या वाट्याला आलेली शिक्षा यांच्यात जी जागा उरते, तिथेच राजकारण शिरते. मिठाचा कायदा एकच होता. 1930च्या मीठ सत्याग्रहात, एप्रिलमध्ये, विलेपार्ल्याच्या छावणीतून पकडलेल्या जमनालाल बजाजांना दोन वर्षे सक्तमजुरी झाली. ज्याने हा सगळा घाट घातला त्याच्यावर मात्र खटलाच चालवला नाही. 5 मे 1930च्या मध्यरात्रीनंतर कराडीला गांधींना झोपेतून उठवून येरवड्याला नेले, तेव्हा पोलिसांच्या हातात मीठ कायदा नव्हता. त्यांच्याजवळ होते 1827चे पंचविसावे रेग्युलेशन. एल्फिन्स्टनच्या काळातला हा नियम 'राज्याच्या कैद्या'ला खटल्याशिवाय हवे तितके दिवस ठेवण्याची मुभा देत असे. मीठ कायद्याखाली खटला भरला असता तर मिळाले असते फार तर सहा महिने, आणि वर भरल्या कोर्टात बोलण्याची संधी. गांधींना 1922मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात अहमदाबादच्या कोर्टात बोलू दिल्याचे काय झाले, हे सरकार विसरले नव्हते.

हे जुने हत्यार त्याआधी पुण्यात परजून झाले होते. 22 जून 1897ला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्या हवेत सरदार नातू बंधूंना याच रेग्युलेशनखाली उचलले आणि आरोपपत्र न देता 1899पर्यंत डांबून ठेवले. कटाशी त्यांचा संबंध होता असे कुठल्या कोर्टाने कधी ठरवले नाही, कारण कुठल्या कोर्टाला ते विचारलेच नव्हते.

टिळकांच्या बाबतीत कोर्टाला विचारले, आणि ती कहाणी अधिक बोलकी आहे. 1897च्या राजद्रोह खटल्यात नऊ पंच होते. सहा युरोपियन म्हणाले दोषी, तिघे हिंदी म्हणाले निर्दोष. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ पंचांना समजावून सांगितला होता. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! शिक्षा अठरा महिने सक्तमजुरीची झाली. मॅक्स म्युल्लरसारख्यांनी रदबदली केली म्हणून टिळक सप्टेंबर 1898मध्ये सुटले खरे, पण त्याच वर्षी कायदेमंडळाने राजद्रोहाचे 124अ हे कलम आणखी रुंद करून ठेवले. म्हणजे आधी शिक्षा झाली आणि तिला साजेसा कायदा मागाहून आला.

राजद्रोहाबाहेरही हाच हात चालला. ताईमहाराज प्रकरण हे मुळात दत्तकाचे घरगुती भांडण. त्यात खोटी साक्ष दिल्याचा ठपका ठेवून 1903मध्ये पुण्याच्या मॅजिस्ट्रेट क्लेमंट्सने टिळकांना अठरा महिने ठोठावले. अपिलात त्याचे सहा झाले आणि मार्च 1904मध्ये हायकोर्टात मुख्य न्यायाधीश जेंकिन्स यांच्यापुढे सगळेच कोसळले. तेव्हा हायकोर्टात न्याय मिळत नव्हता असे म्हणता येणार नाही. मिळत होता, पण आरोपी राजकीय होऊन आला की तराजूची दांडी कललेली असे.

1908मध्ये ती दांडी अगदी उघड कलली. मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी बाँब टाकल्यानंतर टिळकांच्या 'केसरी'ने 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' असे अग्रलेख लिहिले. बाँबचा निषेध त्यात होता, आणि दडपशाहीने बाँब थांबणार नाहीत हेही होते. 13 जुलैला न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे खटला उभा राहिला. 1897मध्ये टिळकांचा जामीन मिळवणारे वकील हेच दावर. आता त्यांनीच जामीन नाकारला, तोही बॅरिस्टर जिनांनी मागितलेला. पंच नऊ होते: सात युरोपियन, दोन पारशी. अग्रलेख मराठीत, आणि ते वाचता येईल असा पंच एकही नाही. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतःच मांडली, जवळजवळ एकवीस तास, आणि त्यातला बराच वेळ हायकोर्टाच्या भाषांतरकाराच्या इंग्रजीवर खर्च केला. एका मराठी शब्दाला दुसरा इंग्रजी शब्द बसवला तर निषेधाची धमकी कशी होते, हे ते मराठी न समजणाऱ्यांना इंग्रजीतून समजावत होते. अँग्लो-इंडियन पत्रे हिंदी लोकांविरुद्ध केवढे जहाल लिहीत होती तेही त्यांनी दाखवले. त्या संपादकांना कुणी कोर्टात बोलावले नव्हते. घराच्या झडतीत सापडलेले एक कार्ड, त्यावर स्फोटकांच्या पुस्तकांची नावे, एवढा काय तो 'भौतिक' पुरावा.

22 जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा निकाल आला. शिक्षेची बेरीज पाहण्यासारखी आहे. 124अ कलमाखाली एक तर जन्मठेप किंवा त्याहून कमी मुदतीचे काळे पाणी द्यायचे, नाहीतर तीन वर्षांपर्यंत कैद. दावरांनी दोन लेखांचे दोन आरोप धरले, प्रत्येकी तीन वर्षे काळे पाणी, एकापुढे एक. झाली सहा. वर हजार रुपये दंड. मग ती मंडालेच्या साध्या कैदेत बदलली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी दुसऱ्या दिवसापासून सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस. त्याच महिन्यात 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही एकोणीस महिने झाले, तेही लिहिल्याबद्दलच.

परकी भाषा आणि परके पंच, एवढ्यावर बोट ठेवून मोकळे होता आले असते तर बरे झाले असते. बाबाराव सावरकरांचा खटला तेवढी सवलत देत नाही. 'लघु अभिनव भारतमाला' या पुस्तिकेत त्यांनी काही कविता छापल्या. त्यांत शिवाजी होता, गणपती होता, पुराणातले देव-दैत्य होते. जून 1909मध्ये नाशिकच्या कोर्टाने त्यांना राजाविरुद्ध युद्धाला चिथावणी दिल्याच्या 121 कलमाखाली जन्मठेप काळे पाणी दिले. अपील हायकोर्टात आले तेव्हा पीठावर न्यायमूर्ती नारायण चंदावरकर होते. प्रार्थना समाजाचे, काँग्रेसचे माजी अध्यक्ष, मराठी उत्तम जाणणारे. त्यांना भाषांतरकार लागत नव्हता. रूपकांच्या आडचा अर्थ त्यांना नेमका कळला, आणि शिक्षा कायम झाली. तलवार न उचलता, चार कवितांपायी माणूस अंदमानला गेला. डिसेंबरात अनंत कान्हेरेने नाशकात कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली, त्याच्या मनातल्या कारणांत ही शिक्षा होती. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना 19 एप्रिल 1910ला फाशी झाली ती ठाण्याला, खाडीच्या टोकाच्या याच तुरुंगात.

शिक्षेला वंशावळ असते. 1922मध्ये गांधींसमोर न्यायाधीश ब्रूमफील्ड बसले तेव्हा किती वर्षे द्यावी हा प्रश्न त्यांनी टिळकांचा दाखला देऊन सोडवला. टिळकांना सहा, म्हणून गांधींनाही सहा.

मोठ्यांच्या या खटल्यांची टिपणे निघाली, पुस्तके निघाली. घुसमट होते ती 1930च्या जंगल सत्याग्रहाच्या नोंदी वाचताना. 10 जुलैला लोकनायक अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापले. सहा महिने. 21 जुलैला यवतमाळजवळ डॉ. हेडगेवारांनी कापले. नऊ महिने: सहा 117 कलमाखाली, दहापेक्षा जास्त लोकांना गुन्ह्याला प्रवृत्त केले म्हणून, आणि तीन 379 कलमाखाली, म्हणजे चोरीचे. विळाभर गवत! वनखात्याच्या नियमांत दंडावर भागले असते, पण 'चोर' ही पदवी सरकारला हवी होती. टिळकांसाठी वापरलेली बेरीज इथे गवताला लावली.

सारसोळ्याहून पनवेल खाडीपलीकडे, उरण तालुक्यात चिरनेर आहे. 25 सप्टेंबर 1930ला आगरी, कोळी, कातकरी माणसे अक्कादेवीच्या जंगलात विळे-कोयते घेऊन निघाली. तिथे गोळीबार झाला. नाग्या महादू कातकरी, धाकू गवत्या फोफेरकर, आलू बेमट्या म्हात्रे यांच्यासह आठ गावकरी गेले. मामलेदार जोशीही गेले. पाठोपाठ गावांत धरपकड झाली आणि गोळ्या झेललेल्या गावावरच खटला उभा राहिला. दर वर्षी 25 सप्टेंबरला चिरनेरच्या हुतात्मा स्मारकापुढे सलामी दिली जाते.

तुरुंगाच्या आतही पंक्तिप्रपंच होताच. लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास 1929मध्ये उपोषणात मेले आणि त्यानंतर कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडण्यात आले. शिक्षण, घरदार आणि राहणीमान पाहून वर्ग मिळे. परिणाम असा, की एकाच सत्याग्रहात एकाच दिवशी पकडलेल्या वकिलाला पुस्तके आणि खाट, तर आगऱ्याला दगड फोडणे आणि जात्याचा खुंटा. मराठी साहित्य या तुरुंगांचे किती देणे लागते ते आपण कौतुकाने सांगतो: मंडालेत शिसपेन्सिलीने लिहिलेले 'गीतारहस्य', धुळ्याच्या तुरुंगात 1932मध्ये साने गुरुजींनी उतरून घेतलेली विनोबांची गीता-प्रवचने, नाशिकच्या तुरुंगातली 'श्यामची आई'. क वर्गातल्या माणसाला मुळात अक्षर गिरवायला मिळालेले नसायचे, त्यामुळे त्याच्या कैदेचे पुस्तक नाही.

इंग्रज गेले. मिठाचा कर 1947च्या एप्रिलमध्ये गेला. हत्यारे मात्र भिंतीवर टांगलेली राहिली. 1956मध्ये मुख्य न्यायाधीश छागलांनी हायकोर्टाच्या सेहेचाळीस नंबरच्या दालनाबाहेर टिळकांच्या 1908च्या शब्दांची संगमरवरी पाटी बसवली. न्यायसंस्थेने आपल्याच निकालाबद्दल खेद दाखवल्याची अशी उदाहरणे थोडी. आणि वीसच वर्षांत, 28 एप्रिल 1976ला, सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असे ठरवले की आणीबाणीत 'मिसा' या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली धरलेल्या माणसाला आपली कैद बेकायदा आहे असे कोर्टात म्हणताच येणार नाही. एल्फिन्स्टनचे पंचविसावे रेग्युलेशन यापेक्षा फार वेगळे नव्हते. नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी उलट कौल दिला होता. चौघांपैकी एक होते पुण्याचे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड. तो निकाल रद्द करणाऱ्या पीठावर 2017मध्ये त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोललेल्या दुर्गाबाई भागवतांनाही त्याच आणीबाणीत अटक झाली होती.

नव्या मुंबईला स्वतःचा तुरुंग आहे, तळोज्याचा. सारसोळ्याहून गाडीने फार वेळ लागत नाही. भीमा कोरेगावच्या हिंसाचाराच्या प्रकरणात 2018पासून सोळा जणांना धरण्यात आले. तपासयंत्रणेचा आरोप बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंधांचा; आरोपींनी तो नाकारला. त्यातले बरेचसे तळोज्यात होते. इथे तर शिक्षा सुनावलीच गेलेली नव्हती. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या जामिनाच्या अटी अशा, की खटला उभा राहण्याआधीच वर्षे सरतात. कंपवात असलेल्या 83 वर्षांच्या फादर स्टॅन स्वामींना पाणी पिण्याच्या नळीच्या पेल्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021ला ते कैदी म्हणूनच रुग्णालयात वारले. आनंद तेलतुंबडे यांना नोव्हेंबर 2022मध्ये जामीन देताना हायकोर्टाला दहशतवादी कृत्याचा सकृद्दर्शनी पुरावा दिसला नाही. तोवर अडीच वर्षे उलटली होती.

त्याच महिन्यात याच प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा यांना तळोज्यातून काढून स्थानबद्धतेत ठेवले, ते बेलापूरच्या आग्रोळी गावात. कम्युनिस्ट नेते बी. टी. रणदिवे यांच्या नावाची एक इमारत, तळमजल्यावर वाचनालय. सारसोळ्याहून पामबीचने दहा-पंधरा मिनिटे. आग्रोळीही तसेच जुने गावठाण. दारात पोलीस, भिंतीवर कॅमेरे. 14 मे 2024ला सुप्रीम कोर्टाने त्यांचा जामीन मान्य केला आणि पहाऱ्याच्या खर्चापोटी वीस लाख रुपये त्यांनीच भरावेत असा आदेश दिला.