अक्काचं बाशिंग

‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण सगळ्यांना ठाऊक. पण बाशिंग हातात धरलेली माणसं आता आमच्या आजऱ्यातही थोडीच. भेंडाचे पांढरे, हलके तुकडे, रंगीत कागद, वर चकाकती बेगड. एक नवऱ्याच्या कपाळाला, एक नवरीच्या. लग्न झालं की ते तुळईला टांगायचं. घरात किती लग्नं झाली, ते तुळईवरनं मोजता यायचं.

अक्काचं लग्न मे अखेरीला होतं. आदल्या सांजेला वळवानं मांडव झोडपला आणि बाजारातनं आणलेल्या तिच्या बाशिंगाचा लगदा झाला. आई रडायला लागली. आबा म्हणाले, “रडू नगंस. रात हाय की अजून.” त्यांनी पुठ्ठा कापला, मी जमवलेली सिगारेटच्या पाकिटांतली चांदी त्यावर चिकटवली, कडेनं अबोली ओवली. मागं अक्काचं नाव माझ्याकडनं लिहून घेतलं. आबांना लिहिता येत नव्हतं.

आता लग्नं कार्यालयात होतात, मोत्यांच्या मुंडावळ्या दुकानात मिळतात. अक्काच्या सासरचं घरही स्लॅबचं झालं, तुळई गेली. बाशिंग तिच्या ट्रंकेत आहे. चांदी चुरगळलीय, नाव तेवढं वाचता येतं.