निशाणी नांगराची, निशाणी आकड्याची

निपाणी भागातील एक वयोवृद्ध शेतकरी मध्यंतरी आमच्याकडे सल्ल्यासाठी आले. त्यांच्या बँकेतील खात्यातून कोणीतरी रक्कम परस्पर उचलली होती. आदल्या दिवशी फोनवर एका गोडबोल्या इसमाने, ‘तुमचे खाते बंद पडणार आहे’ अशी भीती घालून, त्यांच्या फोनवर आलेले सहा आकडे विचारून घेतले होते. “आकडे सांगितलेत कशाला?” असे आम्ही विचारताच ते म्हणाले, “वकीलसाहेब, म्या कागदावर कुठं अंगठा उठवला न्हाई, का सही केली न्हाई. नुसतं आकडं तर सांगितलं!”

या एका वाक्याने आम्ही निरुत्तर झालो. ज्या माणसाने उभ्या जन्मात समजून घेतल्यावाचून कोणत्याही कागदाला अंगठा लावला नाही, त्याने आपली सही परक्याच्या स्वाधीन केली होती. कारण हे सहा आकडे म्हणजे आपली सहीच होय, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हा सही, अंगठा आणि आकडा या तिहींचे नाते काय, हे थोडे मागे जाऊन पाहणे उचित ठरेल.

लेख सुरक्षित कसा राखावा, ही चिंता आजची नव्हे. मराठेशाहीतील पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ किंवा ‘लेखनसीमा’ या अक्षरांची मोर्तब उमटविलेली आढळते. ती शोभेसाठी नसे. मजकूर येथे संपला, याखाली कोणी एक ओळही घुसडू नये, हा तिचा हेतू. कागदांचे बंद एकास एक चिकटविले, तर पाठीमागे सांध्यावर शिक्का मारीत. म्हणजे मधला बंद काढून दुसरा घातला, तर चोरी उघड व्हावी. अक्षरशत्रू रयतेचीही सोय होती. कुणबी आपल्या नावापुढे नांगर काढून घेई, शिपाई कट्यार, वाणी तराजू, तर बाईमाणूस बांगडी. ‘निशाणी नांगर’ एवढ्या दोन शब्दांत त्याची संमती पुरी होई. परंतु वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ती निशाणी कधी एकटी नसे. गोतसभेच्या महजरावर तिच्या आजूबाजूस पाटील-कुलकर्णी आणि बलुतेदार यांच्या निशाण्या असत. ‘गोही’ म्हणून साक्षीदारांची नावे असत. आणि कागद कोणी लिहिला हे ‘बिकलम’ या शब्दाने नमूद होई. चारचौघांसमक्ष कागद वाचला जाई आणि मग नांगर उमटे. खरे संरक्षण नांगराच्या चित्रात नव्हते. ते त्या चारचौघांत होते.

१८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि कागदाची रीतही हळूहळू पालटली. अंगठ्याचा आधुनिक इतिहास मात्र बंगालात सुरू होतो. १८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून खडीच्या करारावर हाताचा संपूर्ण ठसा उमटवून घेतला. ठेकेदाराने पुढे करार नाकारू नये, हाच त्यामागील उद्देश होता. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे स्वतंत्र दप्तर स्थापन झाले आणि त्यांच्या वर्गीकरणाची जी पद्धत जगभर पसरली, तिच्या घडणीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी माणसांचा मोठा वाटा होता. अशा रीतीने नांगर गेला आणि अंगठा आला. तरीही साक्षीदार टिकून राहिला. १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये दुय्यम निबंधकाने दस्त करून देणारास समोर घेऊन, ‘हा दस्त तूच करून दिलास काय?’ असे विचारावयाचे असते. ‘दस्त वाचून पाहिला, समजला व मान्य आहे’ हे वाक्य आम्ही वकील मंडळी सवयीने लिहितो. पण ते वाक्य हाच दस्ताचा प्राण होय.

सीमाभागात या प्राणावर पहिला घाव भाषेने घातला. मुंबई सरकारने १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू केली व त्यातूनच आपला परिचित सातबारा आला. बेळगाव, खानापूर, निपाणी या बाजूच्या असंख्य घरांत मराठीतील, आणि त्याहून जुने असतील तर मोडीतील, उतारे पेटीच्या तळाशी सापडतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९६३ च्या कायद्याने कन्नड ही त्या राज्याची राजभाषा झाली. सीमेचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि तो येथे उकरून काढण्याचा आमचा मानस नाही. कन्नड ही आमच्या शेजाऱ्याची, बाजारहाटाची आणि थोर परंपरेची भाषा आहे. आमचे म्हणणे एवढेच की, आजोबांनी ज्या शेताचा उतारा स्वतः वाचला, त्याच शेताचा उतारा नातवाच्या हाती आला तेव्हा तो दुसऱ्याकडून वाचवून घेण्याची पाळी आली.

शतकाच्या उंबरठ्यावर संगणक आला. कर्नाटकाने ‘भूमी’ योजनेखाली सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर चढविले; पंधरा रुपयांत छापील उतारा तालुक्याच्या खिडकीवर मिळू लागला आणि हस्तलिखित उताऱ्याची मान्यता संपली. योजनेचे गुण निःसंकोच मान्य केले पाहिजेत. तलाठ्याची मनधरणी कमी झाली. फेरफाराचे अर्ज आले त्या क्रमाने निघू लागले. नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्यालाही यंत्रापुढे बोट टेकवून आपली ओळख पटवावी लागे, म्हणजे कोणी काय बदलले याचा माग राहू लागला. मोर्तबीचेच हे नवे रूप. सीमेपलीकडे महाराष्ट्रातही १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. यंत्राने दप्तर सुरक्षित केले यात संशय नाही. पण दप्तर सुरक्षित होणे आणि दप्तरात ज्याचे नाव आहे तो मनुष्य सुरक्षित होणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

आमच्या गोमंतकीय वाचकांस हा भेद नव्याने सांगावयास नको. पोर्तुगीज अमदानीतील मिळकतीचे कागद घरोघरी जपून ठेविलेले आहेत. कागद खरा, शिक्का खरा, हक्कही खरा. आणि तरीही १९६१ नंतर वाढलेल्या पिढीस तो वाचता येत नाही. जो कागद धन्याला वाचता येत नाही, तो अर्धा दुसऱ्याच्याच मालकीचा असतो.

आता पुन्हा त्या सहा आकड्यांकडे वळू. १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला आणि संगणकीय सहीस हस्ताक्षराचा दर्जा मिळाला. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्ड समोर नसता होणाऱ्या व्यवहारांस ओळखीची दुसरी खूण आवश्यक केली. ओटीपी नावाचा आकडा त्यातूनच घराघरांत पोहोचला. २०१५ च्या नियमांनी तर आधारच्या साह्याने ओळख पटवून दस्तऐवजावर सही करण्याची वाट मोकळी झाली. तेव्हा नांगर, अंगठा आणि आकडा ही एकाच निशाणीची तीन रूपे ठरतात. फरक असा की, आकड्याच्या भोवती गोही नाही, बिकलम नाही, ‘समजला काय?’ असे विचारणारा निबंधकही नाही. निशाणी देणारा एकटा, भीतीच्या भरात, कानाशी एक अनोळखी आवाज आणि पुढ्यात न वाचता येणारा मजकूर, अशी त्याची अवस्था असते.

मग अंगठाच बरा होता, असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. २०२३ साली कर्नाटकात अशा तक्रारी पुढे आल्या की, नोंदलेल्या दस्तांवरील अंगठ्यांच्या नकला करून आधारवर चालणाऱ्या देवघेवीतून लोकांच्या खात्यांतील पैसे काढले गेले. चोरीला गेलेला आकडा बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. उलट निपाणीसारख्या विडीच्या गावात दुसरेच दुःख आहे. हातकामात जन्म गेला की बोटांवरील रेषा झिजतात आणि निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावयास गेलेल्या बाईला यंत्र ओळखत नाही. २०२१ पासून हा दाखला चेहऱ्यावरून देण्याची सोय झाली, ही समाधानाची गोष्ट होय.

कायद्याचे साहाय्य आहे, पण ते जागरूक माणसाला. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले की, दोष ग्राहकाचा नसेल आणि बँकेचाही नसेल, तर तीन कामकाजी दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर तोटा पडू नये. मात्र गुप्त आकडा स्वतःच सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच. म्हणून अशा प्रसंगी घटकाभरही न दवडता बँकेस आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. आधारचे ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा. आणि घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने आपल्या तक्रारीचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे, हेही विसरू नये.

परंतु या सर्वांहून जुना उपाय आमच्या पूर्वजांनी सांगून ठेविला आहे. आकडा देण्यापूर्वी आकड्यासोबत आलेला मजकूर घरातील शिकत्या पोराकडून मोठ्याने वाचवून घ्यावा. तो पोरगा हाच आजचा गोही. आणि शासनाने, बँकांनी, ज्याची निशाणी घ्यावयाची त्याला समजेल अशा भाषेत तो मजकूर द्यावा. हा उपकार नव्हे, दस्ताचा प्राण आहे.

त्या वृद्ध गृहस्थांची तक्रार आम्ही मराठीत लिहिली आणि सवयीप्रमाणे कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो परत आमच्याकडे ढकलला. “आधी वाचून दावा,” ते म्हणाले. आम्ही पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मगच त्यांनी अंगठा पुढे केला.