अरीना रॉक

अरीना रॉक ही रॉक संगीताची एक शैली असून ती १९७० च्या दशकात मुख्यतः अमेरिका व इंग्लंड येथे आकारास आली. स्टेडियम रॉक आणि अँथम रॉक या नावांनीही ती ओळखली जाते. 'अरीना' म्हणजे चोहोबाजूंनी आसने असलेले भव्य क्रीडागृह. संगीताचे प्रकार सहसा वाद्य, प्रदेश किंवा जनसमूह यांवरून ओळखले जातात; या प्रकाराचे नाव मात्र तो ज्या वास्तूत सादर होतो तिच्यावरून पडले आहे. ते सार्थही आहे, कारण या शैलीचे बहुतेक गुणदोष त्या वास्तूच्या आकारातून निर्माण झाले.

पार्श्वभूमी

१५ ऑगस्ट १९६५ रोजी बीटल्स या वाद्यवृंदाने न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५,००० श्रोत्यांपुढे कार्यक्रम केला. गर्दी अभूतपूर्व होती. ध्वनियंत्रणा मात्र सामन्यांच्या उद्घोषणांसाठी बसवलेली होती. श्रोत्यांच्या आरोळ्यांत गायन बुडून गेले आणि खुद्द वादकांनाही एकमेकांचे वादन नीट ऐकू येईना. मैदान भरता येते, पण मैदानाला ऐकू जाईल असे संगीत अद्याप नाही, हे या प्रसंगाने दाखवून दिले. पुढील दहा वर्षांत ही उणीव भरून निघाली. ध्वनिवर्धकांची शक्ती वाढली, प्रकाशयोजना व धूर यांचे तंत्र विकसित झाले आणि ही सामग्री ट्रकांतून गावोगावी नेणारे तंत्रज्ञांचे ताफे उभे राहिले. क्वीन, किस, जर्नी, फॉरिनर, स्टिक्स, बोस्टन हे या काळातील प्रमुख वाद्यवृंद होत. यांपैकी बोस्टनचा १९७६ चा पहिला संग्रह, ज्याकडे या शैलीचा नमुना म्हणून बोट दाखवले जाते, टॉम शोल्झ या अभियंत्याने बहुतांशी आपल्या घराच्या तळघरात ध्वनिमुद्रित केला होता. शैली एकदा घडली की तिला प्रत्यक्ष मैदानाची गरज उरत नाही, ती अशी.

सांगीतिक वैशिष्ट्ये

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. मंचापासून शंभर मीटरवर बसलेल्या श्रोत्यापर्यंत सूर पोहोचण्यास जवळजवळ एक तृतीयांश सेकंद लागतो. शिवाय छत व भिंती यांवरून परतणारा ध्वनी त्यात मिसळतो. अशा जागी द्रुत लयीतील बारीक तानांचा केवळ गलका होतो. त्यामुळे मध्यम लय, ठळक आघात, लांब धरलेले स्वर, मोजकीच स्वरसंगती आणि दोन आघातांमधील भरपूर मोकळी जागा ही या शैलीची लक्षणे बनली. गिटारचे एकल वादनही गुंतागुंतीपेक्षा गुणगुणता येईल अशा सुरावटीकडे झुकते. मैदानात दूरवर ध्वनिक्षेपकांचे मनोरे उभारून त्यांतील ध्वनी मुद्दाम किंचित उशिरा सोडतात. मंचावरून आलेला ध्वनी आणि मनोऱ्याचा ध्वनी कानावर एकाच वेळी पडावा, हा त्यामागील हेतू.

ध्रुवपद हा या गीतांचा प्राण होय. ते सोपे, छोटे आणि सामान्य आवाजाच्या पल्ल्यात बसणारे असते, कारण ते गायकाइतकेच श्रोत्यांसाठी रचलेले असते. शब्दांचा आशयही म्हणूनच व्यापक राहतो: जिद्द, विजय, विरह, घराची ओढ. संथ आरंभापासून चढत जाऊन पूर्ण वाद्यमेळावर पोहोचणारे 'पॉवर बॅलड' नावाचे प्रेमगीत याच कुळातले. ते सुरू होताच श्रोते पूर्वी सिगारेटचे लायटर पेटवून धरीत. आता मोबाइलचे दिवे धरतात.

मराठी वाचकास हे तत्त्व परके वाटू नये. दिंडीत एकाने चरण म्हणावा आणि शेकडो टाळकऱ्यांनी तो उचलावा, यासाठी चाल तशीच ठसठशीत असावी लागते. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथे राजवाडी होळीला रात्रभर मोठे ढोल घुमतात आणि पहाटे होळी पेटते. तेथे ठेका संथ व भारदस्त ठेवण्यामागे हेच व्यावहारिक शहाणपण असावे, कारण दूरच्या नर्तकाचे पाऊलही त्याच ठेक्यावर पडायचे असते. अर्थात ही तुलना ध्वनी व समूह यांपुरतीच घ्यावी. होळीला तिकीट नसते आणि तिथे कोणी निव्वळ प्रेक्षक नसतो.

१९७७ : दोन अनुभव

या शैलीचे आकर्षण आणि तिच्यातील धोका, दोन्ही एकाच वर्षातील दोन प्रसंगांतून स्पष्ट होतात.

मे १९७७ मध्ये इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथील बिंगली हॉलमध्ये क्वीनचा कार्यक्रम संपला, तरी श्रोते जाईनात. ते एकमुखाने फुटबॉलच्या मैदानावरील एक लोकप्रिय गीत गाऊ लागले. गिटारवादक ब्रायन मे यांना त्यातून प्रश्न पडला, की दाटीवाटीने उभ्या श्रोत्यांना करता येण्याजोगे काय असते? दोनदा पाय आपटणे आणि एकदा टाळी. 'वुई विल रॉक यू' या गीताचा पाया एवढाच आहे. त्यात ढोलसंचही नाही. ध्वनिमुद्रणात लाकडी फळ्यांवर पाय आपटून त्या आवाजाचे अनेक थर निरनिराळ्या विलंबाने एकावर एक रचले, म्हणजे मोजक्या माणसांचा मोठा जमाव भासतो. भौतिकशास्त्राचे विद्यार्थी असलेल्या मे यांनी या विलंबांसाठी मूळ संख्यांचा आधार घेतला होता.

त्याच वर्षी ६ जुलै रोजी माँट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये पिंक फ्लॉइडचे रॉजर वॉटर्स पुढील रांगेतील गोंगाटाने इतके संतापले, की ते एका श्रोत्यावर थुंकले. स्वतःच्याच या कृतीने अस्वस्थ होऊन त्यांनी कलावंत व श्रोता यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या भिंतीची कल्पना रचली. 'द वॉल' हा १९७९ चा संग्रह तिच्यातून निर्माण झाला. एकाला गर्दीत वाद्य सापडले, दुसऱ्याला भिंत. विशेष असे, की त्या भिंतीचे प्रयोगही पुढे क्रीडागृहांतच झाले.

पाचगणीचा विद्यार्थी

क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे मूळ नाव फारुख बुलसारा. त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे पारशी कुटुंबात झाला. बुलसारा हे आडनाव बुलसार, म्हणजे आजच्या गुजरातमधील वलसाड, या गावावरून आले. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना पाचगणी येथील सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठवण्यात आले. तेथे ते पियानो शिकले आणि १९५८ मध्ये वर्गमित्रांसह 'द हेक्टिक्स' हा वाद्यवृंद स्थापन केला. फ्रेडी हे नावही शाळेतलेच. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममधील 'लाइव्ह एड' कार्यक्रमात सुमारे ७२,००० श्रोत्यांकडून त्यांनी केवळ आलाप घेऊन त्यांची प्रतिध्वनीसारखी साद मिळवली. एकवीस मिनिटांचे ते सादरीकरण या शैलीचे सर्वोत्तम उदाहरण मानले जाते आणि हे मत योग्य आहे.

टीका

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातच समीक्षकांनी या संगीताला 'कॉर्पोरेट रॉक' म्हणून हिणवले. रेडिओ व ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या सोयीने ते घासून गुळगुळीत केलेले आहे, हा मुख्य आक्षेप होता. लहान जागेतील कच्च्या, वेगवान पंक रॉकने त्याविरुद्ध बंड केले. हा आक्षेप अनेक वाद्यवृंदांना लागू पडतो. सर्वांना तो लावणे अन्यायाचे होईल. अधिक गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. ३ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे द हू या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमापूर्वी प्रवेशद्वाराशी झालेल्या चेंगराचेंगरीत ११ जण मृत्युमुखी पडले. 'जो आधी येईल त्याला पुढची जागा' ही पद्धत त्यानंतर वादग्रस्त ठरली.

महाराष्ट्रात

मुंबईत रॉकची परंपरा जुनी असली, तरी बराच काळ ती लहान आवारांपुरती होती. द पोलिस या वाद्यवृंदाने २६ मार्च १९८० रोजी धोबीतलावजवळील रंगभवन या खुल्या नाट्यगृहात कार्यक्रम केला. भव्य मैदाने पुढे खुली झाली: २००३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर रोलिंग स्टोन्स, २००७ मध्ये रॉजर वॉटर्स, २००८ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडन. नवी मुंबईतील नेरूळ येथील डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १५ डिसेंबर २०१९ रोजी यू-टू आणि १८, १९ व २१ जानेवारी २०२५ रोजी कोल्डप्ले यांचे कार्यक्रम झाले. कोल्डप्लेच्या कार्यक्रमात श्रोत्यांना मनगटावर बांधण्यासाठी दूरनियंत्रित दिवे दिले जातात. ते गीताच्या तालावर एकाच वेळी रंग बदलतात आणि लायटरच्या काळात श्रोत्यांच्या हाती असलेला प्रकाश आता मंचामागील यंत्राच्या हाती गेला आहे.