१९०० मैल आणि वीस नावं



सायकल आणि फौज हे दोन शब्द एकत्र आले की आमच्यासारख्या जुन्या फौजींना मलाया आठवतो. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी पायदळ सायकलींवरून सिंगापूरच्या दिशेने निघालं आणि समोरच्या ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि भारतीय पलटणींना त्यांनी सावरायला वेळच दिला नाही. टायर फाटले तर ते नुसत्या रिमवर सायकल हाकायचे. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. आज मी सांगणार आहे ती गोष्ट तिच्याही ४४ वर्षं आधीची आहे. ती लढाईची नाही, पण फौजेचीच आहे. आणि तिचा शेवट ऐकल्यावर मला माझ्याच एका जुन्या रिपोर्टची लाज वाटली, म्हणून ती सांगतोय.

आधी थोडी आजची पार्श्वभूमी. आपल्याकडे लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वेड आता चांगलंच रुजलं आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात पूर्ण करून आले. २०१७ मध्ये आपल्या फौजेचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. जवळजवळ ४८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. या शर्यतीत सायकलस्वाराच्या मागे गाडी असते. जेवण, पाणी, सुटे भाग, डॉक्टर, सगळं त्या गाडीत.

पण दुसरा एक प्रकार आहे, ज्यात मागे कुणीच नसतं. त्यातली सगळ्यात नावाजलेली शर्यत म्हणजे 'टूर डिव्हाइड'. कॅनडातल्या बॅन्फहून निघायचं आणि रॉकी पर्वताच्या कण्यावरून, बहुतेक कच्च्या वाटांनी, मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंत जायचं. सुमारे ४४०० किलोमीटर. दरवर्षी जून महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी लोक निघतात. बक्षीस नाही. नियम साधा आहे: जे वाटेत कुणालाही विकत मिळू शकतं तेवढंच घ्यायचं, खास आपल्यासाठी आणलेली मदत घ्यायची नाही. हा मार्ग आखला अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या मिझुला या गावच्या एका सायकल संस्थेने, १९९० च्या दशकात. १९९९ मध्ये जॉन स्टॅमस्टॅड नावाच्या सायकलपटूने तो एकट्याने १८ दिवसांत पार केला आणि लोकांना कळलं की असं करता येतं. शर्यत २००८ पासून सुरू झाली.

आता बघा, याच मिझुला गावात शंभर वर्षांपूर्वी फौजेची एक छावणी होती. फोर्ट मिझुला. तिथे पंचविसावी इन्फन्ट्री रेजिमेंट होती. त्या काळी अमेरिकन फौजेत काळ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या असत, आणि त्यांचे ऑफिसर बहुधा गोरे. पंचविसावी ही त्यापैकी एक. तिथे जेम्स मॉस नावाचा एक तरुण लेफ्टनंट आला. वेस्ट पॉइंटच्या १८९४ च्या बॅचमध्ये त्याचा नंबर शेवटून पहिला होता. पण सायकल चालवायची हौस दांडगी. त्या वेळी सायकल ही जगातली नवी गोष्ट होती. मॉसच्या डोक्यात आलं की घोड्याला चारा लागतो, पाणी लागतं, तो आजारी पडतो. मग पायदळाला सायकल का देऊ नये? सेनापती जनरल नेल्सन माइल्स यांना ही कल्पना पसंत होती. १८९६ मध्ये परवानगी मिळाली.

मॉसने आधी आठच जण घेतले. सार्जंट डॅल्बर्ट ग्रीन, कॉर्पोरल जॉन विल्यम्स, म्युझिशियन विल्यम ब्राउन, आणि प्रायव्हेट जॉन्सन, प्रॉक्टर, हेन्स, फोरमन आणि फिंडली. ही नावं मी मुद्दाम वाचून दाखवतोय, कारण पुढे सांगेन. यातल्या जॉन फिंडलीला सायकल दुरुस्तीचं काम येत होतं. तो या तुकडीचा मिस्त्री.

त्यांची तयारी कशी होती? रोज पंधरा ते चाळीस मैलांची रपेट. नऊ फुटी कुंपणावरून सायकलसकट पलीकडे जायचा सराव. ओढा आला तर सायकल काठीला अडकवायची आणि दोघांनी काठी खांद्यावर घेऊन पार करायचं. ऑगस्ट १८९६ मध्ये ते आधी जवळच्या एका तलावापर्यंत जाऊन आले, चार दिवसांत सव्वाशे मैल. मग लगेच यलोस्टोन पार्कला, जाऊन येऊन सुमारे ८०० मैल. म्हणजे छोटा पल्ला, मग मोठा पल्ला, आणि प्रत्येक वेळी पूर्ण सामान लादून.

इथे मी स्वतःची एक चूक सांगतो. रिटायर झाल्यावर मी महूला स्थायिक झालो आणि ब्रेव्हे चालवायला लागलो. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळात ठरलेलं अंतर, शर्यत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास. २००, ३००, ४०० झाल्यावर मी ६०० ला उभा राहिलो. पाय तयार होते. पण सरावाच्या सगळ्या रपेटी मी पहाटे, रिकाम्या सायकलवर, घरचं पाणी पिऊन केल्या होत्या. प्रत्यक्ष दिवशी मे महिन्याचं ऊन, मागे सात किलोची बॅग, आणि मीठ न घेता नुसतं पाणी ढोसणं. ३८० व्या किलोमीटरला एका ढाब्याच्या खाटेवर मी जो आडवा झालो, तो मुलगा गाडी घेऊन येईपर्यंत उठलो नाही. तीस वर्षं जवानांना 'जसा सराव तशी लढाई' हे शिकवलेला माणूस मी. मॉसच्या तुकडीचा सराव वाचला तेव्हा वाटलं, हे मला आधी कळायला हवं होतं.

आता मुख्य मोहीम. १४ जून १८९७. मिझुलाहून सेंट लुईसपर्यंत, १९०० मैल, म्हणजे सुमारे ३०५० किलोमीटर. वीस सैनिक, लेफ्टनंट मॉस, डॉक्टर जेम्स केनेडी आणि मिझुलाच्या वर्तमानपत्राचा एडवर्ड बूस नावाचा एकोणीस वर्षांचा बातमीदार. सायकली स्पाल्डिंग कंपनीच्या, प्रत्येकी साधारण साडेचौदा किलो. गिअर नाहीत. हँडलवर घोंगडी आणि तंबूचा कपडा, मधल्या चौकटीत शिधा, पाठीवर रायफल आणि काडतुसं. सामानासकट वजन सत्तावीस किलोच्या आसपास. दोन दिवसांचा शिधा अंगावर आणि पुढचा साधारण दर शंभर मैलांवर आधीच पाठवून ठेवलेला. बेकन, बीन्स, पीठ, कॉफी.

पहिल्या आठवड्यातच पाऊस. मोंटानातला चिखल चाकाला असा चिकटतो की चाक फिरत नाही. आपल्याकडची काळी माती आठवा, ओली झाली की बैलगाडीसुद्धा अडते. मलन खिंडीत जून महिन्यात बर्फाचा मारा झाला. ही खिंड हेलेना शहराजवळ आहे, आणि आजचा टूर डिव्हाइडचा मार्गही हेलेनावरूनच जातो. रस्ता अगदीच संपला की हे लोक रेल्वेच्या रुळांमधून, स्लीपरांवर आदळत जायचे. प्रत्येक स्लीपरला एक दणका. असे मैलच्या मैल.

खरा कस लागला नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत. पारा ४३ अंशांपर्यंत. वाळूत सायकल चालवता येईना, ढकलायची. पाणी खारं, क्षारांचं, ते पिऊन एकेक जण आजारी पडला, स्वतः मॉससुद्धा. तिथे १७० मैलांना साडेचार दिवस लागले. ज्यांनी उन्हात लांब सायकल चालवली आहे त्यांना कळेल की हा आकडा फार काही सांगतो. पाय थकले तर माणूस हळू का होईना जातो. पोट बिघडलं की काहीच चालत नाही.

२४ जुलैला ते सेंट लुईसला पोचले. ४१ दिवस, त्यातले ३४ दिवस प्रत्यक्ष प्रवास. दिवसाला सरासरी ५६ मैल, म्हणजे ९० किलोमीटर. चालतानाचा वेग तासाला १० किलोमीटरच्या थोडा वर. आज कुणी हसेल. पण गिअर नसलेल्या, सत्तावीस किलोच्या सायकलवर, रस्ता नसताना हे करून बघा. शहरातले सायकलस्वार त्यांना घ्यायला सामोरे आले, हजारो लोक त्यांची छावणी बघायला गेले.

आणि मग? काही नाही. पलटणीला रेल्वेने परत पाठवलं. पुढच्या वर्षी स्पेनशी युद्ध सुरू झालं, पंचविसावी क्यूबाला गेली, एल केनीच्या लढाईत लढली. सायकल तुकडी पुन्हा उभी राहिली नाही. मोटारगाडी येऊ घातली होती.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितली नसती. त्या वीस जणांत एक होता मिंगो सँडर्स. १८९७ मध्ये तो चाळिशीला टेकला होता. तुकडीतला सगळ्यात वयस्क, हुद्द्याने सार्जंट. त्या संपूर्ण प्रवासात जवानांना सांभाळणारा तोच. आमच्या फौजेत प्रत्येक पलटणीत असा एक सुभेदारसाहेब असतो, ज्याच्याशिवाय ऑफिसरचं पान हलत नाही. तसा.

ऑगस्ट १९०६. पंचविसाव्या पलटणीच्या काही कंपन्या टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल इथे होत्या. एका रात्री गावात गोळीबार झाला, एक माणूस मेला. गावाने पलटणीवर आळ घेतला. सैनिक म्हणाले, आम्ही केलं नाही. त्यांच्या गोऱ्या ऑफिसरांनी सांगितलं होतं की त्या वेळी जवान बराकीत होते. कुणी कुणाचं नाव घेईना. तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हुकूम काढला: १६७ जणांना सन्मानाविना फौजेतून काढून टाका. खटला नाही, कोर्ट मार्शल नाही. त्या १६७ मध्ये सँडर्स होता. पंचवीस वर्षं नोकरी झालेली. पेन्शन अगदी तोंडाशी आलेली. ती गेली.

मी स्वतः पेन्शनर आहे. दर महिन्याच्या शेवटी बँकेतून मेसेज येतो, तेवढ्याने घरात किती निवांतपणा असतो हे मला ठाऊक आहे. ज्याने आपल्या फौजेसाठी वाळूतून सायकल ढकलली, क्यूबात गोळ्या झेलल्या, त्याला एका सहीने रस्त्यावर काढलं. अमेरिकन फौजेने ही चूक कबूल करून त्या सगळ्यांचे शेरे सन्मानाचे केले ते १९७२ मध्ये. ६६ वर्षांनी. सँडर्स तेव्हा कधीच गेला होता.

आता माझा रिपोर्ट. १९९० च्या दशकात मेजर असताना मी आमच्या युनिटची एक सायकल मोहीम नेली होती, जम्मूहून लेहपर्यंत, सुमारे ७०० किलोमीटर. झोजिला चढून गेलो. द्रासला एका सायकलचं मागचं चाक वाकडंतिकडं झालं, तर ईएमईच्या एका नाईकाने रात्रभर टॉर्चच्या उजेडात एकेक तार ओढून ते सरळ केलं. सकाळी आम्ही वेळेवर निघालो. मोहीम संपल्यावर मी रिपोर्ट लिहिला, छान टाइप करून घेतला. त्यात माझं नाव होतं, दुसऱ्या कॅप्टनचं होतं. बाकीच्यांसाठी लिहिलं होतं: '१ जेसीओ आणि १२ ओआर'. ओआर म्हणजे अदर रँक्स. फौजेत असंच लिहितात. मला त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटलं नाही.

सँडर्सची गोष्ट वाचली आणि लक्षात आलं, आज आपण त्याला ओळखतो याचं कारण इतकंच की सायकल तुकडीतल्या जवानांची नावं कुणीतरी कागदावर ठेवली. सायकल तुकडीचा सँडर्स आणि ब्राउन्सव्हिलचा सँडर्स एकच, हे आपल्याला जोडून बघता येतं. '२० सैनिक' एवढंच लिहिलेलं असतं तर जोडता आलं नसतं. मॉसची पलटण ज्या काळात होती, त्या काळात काळ्या जवानाला गोऱ्या ऑफिसरच्या पंगतीला बसता येत नव्हतं. तरी त्यांची नावं राहिली. माझ्या मोहिमेतल्या माणसांची राहिली नाहीत, आणि ते माझ्या हातात होतं.

मागच्या महिन्यात जुनी डायरी, फोटोंची पाकिटं काढून बसलो. बारापैकी नऊ नावं मिळाली. चाक सरळ करणाऱ्या नाईकाचं त्यात नव्हतं. चेहरा आठवतो, हात आठवतात, उत्तराखंडचा होता हेही आठवतं. जुन्या सुभेदारसाहेबांना फोन केला, तेव्हा त्यांनी एका दमात नाव सांगितलं आणि म्हणाले, "साब, वो तो आपको याद होना चाहिए था." बरोबर होतं त्यांचं. उरलेल्या दोघांचा शोध चालू आहे.

तुमच्यापैकी कितीतरी जण ब्रेव्हे चालवता, डोंगरात जाता, मोहिमा काढता. घड्याळात सगळं नोंदलं जातं: अंतर, चढ, हृदयाचे ठोके. त्या नोंदीत एक ओळ वाढवा. पंक्चर कुणी काढलं, रात्री तीन वाजता चहा कुणी दिला, खाटेवर जागा कुणी दिली. नाव विचारा आणि लिहून ठेवा. माझा तो ढाबेवाला इतका भला माणूस, आणि मी त्याचंही नाव विचारलं नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा ६०० ला उभा राहणार आहे, या वेळी बॅगेसकट सराव करून. वाट तीच आहे. थांबेन तिथे.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.